ट्रकचालक मक्वाजूची गोष्ट : टांझानियातील एका आरोग्य-नभोमालिकेचा प्रकरण अभ्यास

१९९३ सालच्या जुलै महिन्यात टांझानियाच्या सरकारी नभोवाणीवर संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक नवी स्वाहिली मालिका सुरू झाली. तिचे नाव होते ‘त्वेंदे ना वाकाती’, म्हणजे ‘चला काळाबरोबर’. ती आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास प्रसारित होत असे आणि पुढे काही वर्षे चालू राहिली. कुटुंब नियोजनाचा स्वीकार वाढावा आणि एचआयव्हीच्या संसर्गापासून लोकांनी स्वतःला वाचवावे, हे तिचे दोन उद्देश होते. ऐकणाऱ्याला मात्र ती संसारातली भांडणे, प्रेम, फसवणूक, पैशांची ओढाताण आणि मुलांची काळजी यांची मालिका वाटे, आणि ती खरोखर तशीच होती.

आरोग्यसंवादात गोष्टीचा उपयोग होतो, असे आपण सर्रास म्हणतो. त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा एखादा हृद्य प्रसंग सांगितला जातो : अमुक गावात अमुक नाटक झाले आणि दुसऱ्या दिवशी बायका दवाखान्यात आल्या. असे प्रसंग खरेही असतात. परंतु त्या बायका नाटकामुळे आल्या, की त्याच आठवड्यात गावात नवी परिचारिका रुजू झाली म्हणून आल्या, हे त्यावरून कळत नाही. टांझानियातील हे प्रकरण अभ्यासायला घेण्याचे कारण असे, की तेथे देशाच्या एका भागात ही मालिका दोन वर्षे ऐकूच गेली नाही, आणि ज्यांनी ती ऐकली व ज्यांना ती ऐकायला मिळाली नाही अशा दोन्ही भागांतल्या लोकांना दरवर्षी तेच प्रश्न विचारले गेले.

मूळ अडचण

टांझानियात एड्सचे पहिले रुग्ण १९८३ साली व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेकडील कागेरा प्रांतात आढळले. पुढच्या दहा वर्षांत हा रोग देशभर पसरला, आणि मालवाहतुकीचे लांब पल्ल्याचे रस्ते हा त्याच्या प्रसाराचा एक ठळक मार्ग ठरला. दार-एस-सलामच्या बंदरात उतरलेला माल एका रस्त्याने झांबियाकडे आणि दुसऱ्या रस्त्याने रवांडा-बुरुंडीकडे जातो. ट्रकचालक आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतात, आणि त्यांच्या मुक्कामाच्या ठिकाणी खाणावळी, दारूचे गुत्ते व देहविक्रय यांची वस्ती उभी राहते. महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. नव्वदच्या दशकात आपले राज्य देशातील एचआयव्हीच्या अधिक प्रादुर्भावाच्या मोजक्या राज्यांपैकी एक होते आणि आपल्याकडेही महामार्गांवरचे ट्रकचालक हा प्रतिबंधाच्या कामातला महत्त्वाचा गट मानला जात होता.

१९९३ पर्यंत टांझानियातील बहुतेक प्रौढांनी एड्सचे नाव ऐकलेले होते आणि तो शरीरसंबंधांतून होतो हेही त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक होते. भित्तिपत्रके लागली होती, नभोवाणीवर सूचना दिल्या जात होत्या. म्हणजे माहितीचा दुष्काळ ही येथील मुख्य अडचण नव्हती. माहिती पोहोचूनही वागणे बदलत नव्हते, आणि त्यामागे या रोगाच्या स्वभावातच दडलेले एक कारण आहे. या साऱ्या प्रकरणाचे मर्म मला त्यातच दिसते.

पटकीच्या साथीत माणूस दूषित पाणी पितो आणि दोन-तीन दिवसांत अंथरुणाला खिळतो. गावाला जंतूंची माहिती नसली, तरी त्या विहिरीचा आणि त्या मरणांचा संबंध डोळ्यांना दिसू शकतो. एचआयव्हीचे तसे नाही. संसर्ग झाल्यापासून आजार उघड होईपर्यंत, उपचार मिळाले नाहीत तर, सर्वसाधारणपणे आठ-दहा वर्षे जातात. त्या काळात तो माणूस धडधाकट दिसतो, कमावतो, लग्न करतो, त्याला मुले होतात, आणि नकळत तो इतरांना संसर्ग देतही राहतो. अखेर तो खंगून जातो तेव्हा त्या मरणाचे कारण असलेली रात्र सगळ्यांच्या, कदाचित त्याच्या स्वतःच्याही, स्मरणातून गेलेली असते. अनुभवावरून शहाणे होण्याची माणसाची जी नेहमीची रीत आहे, ती येथे उपयोगाला येत नाही. ‘असे वागाल तर मराल’ ही सूचना शंभर टक्के खरी असूनही ऐकणाऱ्याच्या रोजच्या अनुभवात तिला कोठेच आधार सापडत नाही. उलट तसे वागणारा शेजारी त्याला खाऊन-पिऊन सुखी दिसतो. हे अंतर कसे भरून काढायचे, हा खरा प्रश्न होता.

मेक्सिकोतून टांझानियात, भारतमार्गे

या मालिकेची पद्धत टांझानियात जन्मलेली नव्हती. १९६९ साली पेरूमध्ये ‘सिंप्लेमेंते मारिया’ नावाची एक दूरचित्रवाणी मालिका लोकप्रिय झाली. तिची नायिका खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण होती आणि शिवणकाम शिकून ती नाव कमावते. मालिका पाहून शिवणयंत्रांची विक्री वाढली, घरकाम करणाऱ्या मुलींनी शिकण्याच्या वर्गांत नावे घातली. निर्मात्यांच्या मनात यातले काही नव्हते. मेक्सिकोतील नाट्यदिग्दर्शक व निर्माते मिगेल साबिदो यांनी या अनाहूत परिणामाचा बारकाईने विचार केला आणि जे आपोआप घडले ते जाणीवपूर्वक घडवता येईल का, असा प्रश्न स्वतःला घातला. माणूस केवळ स्वतःच्या अनुभवातून शिकतो असे नाही, इतरांच्या वागण्याचे बरेवाईट परिणाम पाहूनही शिकतो, असे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा प्रयोगांच्या आधारे मांडत होते. साबिदो यांनी तो सिद्धान्त मालिकेच्या रचनेत उतरवला. १९७५ साली त्यांनी प्रौढ शिक्षणावर आणि १९७७ साली कुटुंब नियोजनावर मालिका केली.

तेथून हा धागा दिल्लीत आला. माहिती व प्रसारण मंत्रालयाचे तेव्हाचे सचिव एस. एस. गिल यांच्या पुढाकाराने ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली आणि १५६ भाग चालली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन त्या भागातल्या घडामोडींवर दोन शब्द बोलत, हे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. ‘हम लोग’चा एक धडा मात्र फारसा कोणी आठवत नाही. सुरुवातीच्या भागांत कुटुंब नियोजनाचा उपदेश फार उघडा होता. प्रेक्षकांना तो रुचला नाही, आणि पहिल्या तेरा भागांनंतर तो सौम्य करावा लागला. एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या संवादशास्त्रज्ञांनी त्या मालिकेचा सविस्तर अभ्यास केला, आणि पुढे रॉजर्स व त्यांचे सहकारीच टांझानियातील मूल्यमापनात आले. बोधकथा लिहिणाऱ्या कोणीही ‘हम लोग’चे ते पहिले तेरा भाग डोळ्यांसमोर ठेवून लिहायला बसावे, असे मला फार वाटते.

तयारी

टांझानियाने १९९२ साली राष्ट्रीय लोकसंख्या धोरण स्वीकारले होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचे आर्थिक साहाय्य मिळाले आणि पॉप्युलेशन कम्युनिकेशन्स इंटरनॅशनल या संस्थेने साबिदो पद्धतीचे तांत्रिक मार्गदर्शन दिले. लेखक, नट आणि निर्माते टांझानियाचेच होते. माध्यम म्हणून नभोवाणीशिवाय दुसरा पर्यायही नव्हता, कारण देशाच्या मुख्य भूमीवर तोवर दूरचित्रवाणी सुरूच झालेली नव्हती. शंभराहून अधिक भाषा बोलणाऱ्या या देशाला स्वाहिलीने एका धाग्यात बांधलेले आहे, ही गोष्ट प्रसारणाच्या दृष्टीने मोठी अनुकूल होती. शेजारच्या अनेक देशांना ही सोय नव्हती.

संहितेचे पहिले पान लिहिण्यापूर्वी लोकांच्या मुलाखती आणि गटचर्चा घेण्यात आल्या. लोक काय मानतात, कशाला भितात, नवराबायको कोणत्या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांतून गोळा झाले. त्यावरून एक तक्ता तयार झाला. मालिका कोणत्या मूल्यांचा पुरस्कार करील आणि कोणत्या वागण्याला विरोध करील, हे त्यात एकेका विधानात स्पष्ट लिहिलेले असते. साबिदो पद्धतीत हा तक्ता लिहिणाऱ्यांना बांधून ठेवतो. कथानक कितीही वळणे घेवो, कोणाच्या वागण्याचे फळ काय मिळणार हे तक्त्याबाहेर जाऊ शकत नाही.

आपल्या नारदीय कीर्तनाशी हे ताडून पाहिले म्हणजे या रचनेतली खुबी कळते. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग घेऊन सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावून तोच सिद्धान्त श्रोत्यांच्या गळी उतरवतो. दोन्ही अंगे श्रोत्यांसमोर असतात. टांझानियातील मंडळींनी पूर्वरंग लेखकांच्या खोलीतच ठेवला. श्रोत्यांपर्यंत फक्त आख्यान गेले. यात एक जोखीम होती. सिद्धान्त उघड न सांगता तो ऐकणाऱ्याने स्वतःच काढायचा, तर तो भलताच काढला जाण्याची शक्यता राहते. म्हणून पात्रे फार विचारपूर्वक घडवावी लागली.

मक्वाजू, तुनू आणि शिंपी

मालिकेतला ट्रकचालक मक्वाजू. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ चिंचेचे झाड. त्याच्या मार्गावर ठिकठिकाणी त्याच्या मैत्रिणी आहेत. तो दारू पितो, पैसा उधळतो, घरी बायकामुलांकडे दुर्लक्ष करतो. तो रंगेल आहे, बोलका आहे, आणि लेखकांनी त्याला खलपुरुष केला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रस्त्यावर भेटणारा, ज्याच्याबरोबर चहा घ्यावासा वाटेल, असा तो माणूस आहे. मालिका पुढे सरकते तसा तो एड्सने आजारी पडतो आणि अखेर मरतो.

त्याची बायको तुनू सुरुवातीला दबलेली, नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी स्त्री आहे. तिचे बदलणे एका भागात होत नाही. ती सहन करते, बोलून पाहते, पुन्हा गप्प बसते, आणि फार उशिरा नवऱ्यापासून वेगळी होऊन स्वतःचा छोटा व्यवसाय उभा करते. कुटुंब नियोजनाच्या धाग्यात एक शिंपी आणि त्याची बायको आहेत. तेही लगेच पटून दवाखान्यात जात नाहीत. त्यांच्या मनात शंका आहेत, आणि निर्णयाला वेळ लागतो.

साबिदो पद्धतीत पात्रांचे तीन प्रकार असतात. काही पात्रे इष्ट वर्तनाची असतात, काही अनिष्ट वर्तनाची, आणि या दोहोंच्या मध्ये काही डळमळणारी पात्रे असतात. मालिकेचे खरे ओझे या तिसऱ्या प्रकारावर असते, कारण ऐकणारा बहुधा तेथेच उभा असतो. आपल्याकडे गावोगावी होणारी आरोग्यप्रबोधनाची पथनाट्ये मी बरीच पाहिली आहेत. त्यांत एक शहाणी सून असते जी बाळाला सगळ्या लसी देते, आणि एक अडाणी सून असते जिचे बाळ दगावते. पाहायला जमलेल्या बायकांपैकी एकीलाही आपण त्या दोघींपैकी कोणी आहोत असे वाटत नाही. मागच्या लसीनंतर बाळाला दोन दिवस ताप आला म्हणून धास्तावलेली, सासूचा शब्द मोडता येत नाही म्हणून अडकलेली, पण मनातून लस द्यावी असे वाटणारी सून त्या नाटकात कोठेच नसते. आणि पाहणाऱ्यांत बहुतेक तीच असते.

तुनू आणि शिंपी यांच्याकडून श्रोत्यांनी घेतले ते ज्ञानापेक्षा वेगळे होते. बांडुरा यांनी ज्या गोष्टीवर आयुष्यभर भर दिला, ती ही, की आपल्याच्याने हे होईल असे वाटल्याशिवाय माणूस प्रयत्नाला लागत नाही. ‘नवऱ्याशी या विषयावर बोला’ असे सांगणारे भित्तिपत्रक बाईला काय करायचे ते सांगते. तुनू ते कसे बोलते, पहिल्यांदा बोलल्यावर कसे अंगाशी येते, आणि दुसऱ्यांदा ती कोणती वेळ निवडते, हे ऐकल्यावर तेच काम शक्य कोटीतले वाटू लागते.

दोदोमाचे मौन

आता या प्रकरणाचा सर्वांत दुर्मीळ भाग. देशाच्या मध्यभागी दोदोमा हा प्रांत आहे. दोदोमा शहर ही टांझानियाची घोषित राजधानी. तेथील प्रक्षेपण केंद्र संध्याकाळच्या त्या वेळी राष्ट्रीय कार्यक्रम न देता आपले स्थानिक कार्यक्रम देत असे. मूल्यमापन करणाऱ्यांनी या व्यवस्थेचा उपयोग करून घेतला. जुलै १९९३ पासून सप्टेंबर १९९५ पर्यंत दोदोमाच्या परिसरात ही मालिका प्रसारित झाली नाही. तो भाग तुलनेसाठी राखला गेला. त्यानंतर तेथेही ती सुरू करण्यात आली. त्यामुळे दोन वेगळ्या तुलना हाती आल्या : पहिल्या दोन वर्षांत ऐकणारा देश आणि न ऐकणारा दोदोमा, आणि नंतर दोदोमाचाच आधीचा व मागाहूनचा काळ.

१९९३ ते १९९७ या काळात दरवर्षी सुमारे २,७५० लोकांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेण्यात आल्या. पहिले सर्वेक्षण प्रसारणापूर्वीचे होते. लोकांच्या सांगण्यावरच विसंबू नये म्हणून आरोग्य केंद्रांच्या नोंदी आणि कंडोमच्या वाटपाचे आकडेही पाहिले गेले.

जेथे मालिका प्रसारित होत होती तेथील निम्म्याहून अधिक लोकसंख्या ती ऐकत होती, असे आढळले. विवाहित स्त्रियांमध्ये कुटुंब नियोजनाच्या साधनांचा वापर पहिल्या दोन वर्षांत या भागात सुमारे १० टक्के-बिंदूंनी, म्हणजे दर शंभरांत आणखी दहा जणींनी, वाढला आणि त्याच काळात दोदोमात तो जागच्या जागी राहिला. दोदोमात प्रसारण सुरू झाल्यावर मात्र तेथील प्रमाण सुमारे १६ टक्के-बिंदूंनी वर गेले. प्रसारणाच्या भागातील निवडक २१ आरोग्य केंद्रांत जून १९९३ ते डिसेंबर १९९४ या काळात नव्याने साधने स्वीकारणाऱ्यांची सरासरी संख्या ३२ टक्क्यांनी वाढली. दोदोमाच्या केंद्रांत ती जवळजवळ बदलली नाही. या शेवटच्या आकड्याला मी अधिक वजन देतो, कारण तो केंद्राच्या नोंदवहीतला आहे. मुलाखत घेणाऱ्याला बरे वाटावे म्हणून कोणी दिलेले ते उत्तर नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत, ऐकणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांनी आपण संसर्ग टाळण्यासाठी वागण्यात काही बदल केला असे सांगितले. त्यांतल्या बहुतेकांनी जोडीदारांची संख्या कमी केली होती, त्याखालोखाल कंडोम वापरू लागलेले होते, आणि थोड्यांनी दुसऱ्याचा वस्तरा किंवा सुई वापरणे सोडले होते. कंडोमचे वाटप प्रसारणाच्या भागात पहिल्या वर्षात १५३ टक्क्यांनी वाढले, तर दोदोमात १६ टक्क्यांनी. अनेक श्रोत्यांनी मालिकेतल्या घटनांवर जोडीदाराशी, मित्रांशी चर्चा केली होती. संसर्गाचा धोका आपल्यालाही आहे आणि तो टाळणे आपल्या हाती आहे, या दोन्ही समजुती ऐकणाऱ्यांत वाढल्या.

आकडे किती मानावेत

या आकड्यांपुढे भारावून जाणे सोपे आहे, म्हणून काही शंका नीट मांडल्या पाहिजेत.

८२ टक्के हा आकडा श्रोत्यांनी स्वतः सांगितलेला आहे. शरीरसंबंधांविषयी अनोळखी माणसाने विचारलेल्या प्रश्नाला कोणीही शोभेल तेच उत्तर देईल, आणि मालिका ऐकलेल्या माणसाला कोणते उत्तर शोभून दिसते हे अधिक चांगले ठाऊक असते. म्हणजे मालिकेने वागणे न बदलता केवळ उत्तर बदलले, असेही होऊ शकते. कंडोमच्या वाटपाचा आकडा या शंकेला बराचसा उत्तर देतो, पण पूर्ण नाही. वाटप म्हणजे वापर नव्हे.

दुसरे असे, की दोदोमा हा कमी पावसाचा, गरीब प्रदेश आहे, आणि उर्वरित देशाशी त्याची बरोबरी सर्व बाबतींत होत नाही. एकाच प्रांताशी केलेल्या तुलनेत हा दोष राहतोच. तो कमी होतो तो दुसऱ्या तुलनेमुळे. गरिबी आणि कोरडी जमीन १९९५ मध्ये बदलली नव्हती, बदलले होते ते प्रसारण. आणि नेमके त्यानंतर दोदोमातले आकडे हलले. त्याच काळात एड्सविषयीचे इतर उपक्रमही देशात चालू होते, त्यांचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. तरीही ते उपक्रम दोन्ही भागांत असताना फरक पडला, ही गोष्ट मालिकेच्या बाजूने बोलते.

तिसरी गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. मालिका ऐकून जी बाई आरोग्य केंद्रात गेली, तिला तेथे साधन मिळाले. जो पुरुष कंडोम शोधू लागला, त्याला तो मिळण्याची व्यवस्था होती. गोष्टीने मागणी निर्माण केली आणि ती मागणी पुरी करणारे कोणीतरी पलीकडे उभे होते. तसे नसते तर याच मालिकेने लोकांची निराशा वाढवली असती. गोष्टीवर खर्च करून औषधाचे कपाट रिकामे ठेवणाऱ्या योजना पाहिल्या की म्हणूनच वाईट वाटते. पदरमोड करून, रोजंदारी बुडवून दवाखान्यात आलेल्या आणि रिकाम्या हाताने परतलेल्या बाईला दुसऱ्यांदा कोणत्याही गोष्टीने उठवता येत नाही.

खर्चाचा हिशेबही लक्षात घेण्यासारखा आहे. एचआयव्ही टाळण्यासाठी वागणे बदलल्याचे सांगणाऱ्या दर माणसामागे अमेरिकी चलनात सुमारे ८ सेंट खर्च आला, असे मालिका करणाऱ्यांनी मांडले. भाजक स्वतःच सांगितलेल्या बदलाचा असल्याने हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. पण तो कित्येक पटींनी वाढवला तरी प्रत्यक्ष उपचारांच्या तुलनेत तो किरकोळच राहतो.

गोष्टीने नेमके काय केले

आता मूळ अडचणीकडे परत जाऊ. कृती आणि परिणाम यांमध्ये आठ-दहा वर्षांची दरी होती आणि त्यामुळे अनुभवातून शिकण्याचा मार्ग बंद झाला होता. मालिकेने ती दरी दोन-तीन वर्षांत आणली. श्रोत्याने मक्वाजूला पहिल्या मैत्रिणीकडे जाताना ऐकले होते, त्याच्या विनोदांना तो हसला होता, आणि तोच मक्वाजू खंगताना त्याने ऐकला. दोन टोके एकाच श्रोत्याच्या स्मरणात, एकाच माणसाच्या आवाजात जोडली गेली. भित्तिपत्रकाला हे करता येत नाही, कारण भित्तिपत्रकाला काळच नसतो. त्यात कारण आणि परिणाम एकाच क्षणी छापलेले असतात आणि म्हणून त्यांचा संबंध केवळ सांगितलेला असतो, अनुभवलेला नसतो.

यात लांबीचाही प्रश्न आहे. हीच गोष्ट अर्ध्या तासाच्या एका नभोनाट्यात बसवली असती, तर मक्वाजू पहिल्या दहा मिनिटांत चुकला असता, पुढच्या दहा मिनिटांत आजारी पडला असता आणि शेवटच्या दहा मिनिटांत मेला असता. श्रोत्याने ते मरण लेखकाने दिलेली शिक्षा म्हणून ऐकले असते. आठवड्यातून दोनदा, महिनोन्‌महिने ज्याची सोबत केली त्या माणसाचे मरण शिक्षा वाटत नाही, ते घरातल्या माणसाचे मरण वाटते. आपल्याकडच्या आरोग्य विभागांना आणि संस्थांना पाच मिनिटांच्या चित्रफिती आणि एका पानाच्या चित्रकथा यांचा जो सोस आहे, त्याला माझा आक्षेप येथे आहे. ज्या आजारांचा परिणाम ताबडतोब दिसतो, त्यांच्यासाठी त्या पुरतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग, अर्धवट सोडलेला क्षयाचा औषधोपचार, या सगळ्यांत मात्र कृती आणि फळ यांच्यात महिने किंवा वर्षे जातात, आणि तेथे गोष्टीलाही तेवढाच दम लागतो.

गोष्टीने आणखी एक गोष्ट केली, आणि तिचा उल्लेख अहवालांत कोरड्या शब्दांत येतो : नवराबायको एकमेकांशी बोलू लागले. कंडोम किंवा दुसरी बाई हा विषय घरात काढायचा म्हणजे थेट आरोप करणे आले. मक्वाजूविषयी बोलणे हा आरोप नव्हता. संध्याकाळी साडेसहाला संच घरात लागलेला असे, दोघेही ऐकत असत, आणि बाईला ‘तुनूने काय करायला हवे होते?’ असे विचारता येत असे. आपल्या घराविषयीचा प्रश्न शेजारच्या घरावर ठेवून विचारायचा, ही सोय प्रत्येक समाजातल्या बायकांना ठाऊक आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही सासरची तक्रार थेट न करता कोणा तिसऱ्याच्या नावाने केलेली आढळते. मालिकेने त्या सोयीला दर आठवड्याला दोनदा निमित्त दिले.

शेवटी दोदोमाच्या त्या दोन वर्षांविषयी लिहिणे भाग आहे. ज्या रोगावर तेव्हा टांझानियातील सामान्य माणसाला कोणतेही परिणामकारक औषध मिळत नव्हते, त्याच्याविषयीची मालिका एका प्रांताला दोन वर्षे न ऐकवणे योग्य होते का? बाजूने असे म्हणता येते, की मालिका उपयोगी पडेल हे १९९३ मध्ये कोणालाच सिद्ध करून दाखवता आले नसते, स्थानिक कार्यक्रमांची वेळ आधीपासून ठरलेली होती, आणि तुलना झाली नसती तर पुढच्या देशांना या पद्धतीवर विश्वास ठेवायला आधार मिळाला नसता. मला हे कारण पटते, पण ते पटवून घ्यायला कष्ट पडतात. रवांडा आणि बुरुंडीकडे जाणारा रस्ता दोदोमावरून जातो. प्रक्षेपण केंद्राची हद्द नकाशावर आखता येत होती. मक्वाजूसारख्या चालकांचे ट्रक त्या दोन वर्षांतही त्या रस्त्यावरून जात होते आणि रात्री दोदोमात मुक्काम करत होते.